तीसपैकी अठ्ठावीस

परीक्षा विभागाच्या खिडकीतून तिसऱ्या सेमिस्टरची गुणपत्रिका हातात पडली आणि ती मी तिथेच उभी राहून तीनदा वाचली. अर्थमिती २७, अनुत्तीर्ण. श्रम अर्थशास्त्र २४, अनुत्तीर्ण. विकासाचं अर्थशास्त्र २८, अनुत्तीर्ण. सार्वजनिक अर्थशास्त्रापुढे गुणच नव्हते, नुसतं ‘गैरहजर’ असं छापलेलं होतं. पाचव्या विषयाचा रकाना तर कोराच.

आकडे माझेच होते. फक्त ते १०० पैकी नव्हते, ३० पैकी होते. मी ते सेमिस्टर इटलीतल्या एका विद्यापीठात एक्सचेंजवर काढलं होतं आणि तिकडे १८ ला उत्तीर्ण, ३० ला पैकीच्या पैकी. ‘अठ्ठावीस’ म्हणताना ज्या प्राध्यापकांनी खुर्चीतून उठून माझ्याशी हात मिळवला होता, त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मला रडू फुटलं. मागे रांग होती, म्हणून बाजूला सरकले.

एक्सचेंजबद्दल बोलताना लोक व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे यांबद्दल बोलतात. ते सगळं महत्त्वाचं आहेच, पण ते निभावून जातं. जे निभावून जात नाही ते म्हणजे तिकडे शिकलेलं इकडे मोजलं जाणं. माझे चार महिने त्यातच गेले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात विभागातल्या एका नोटिशीने झाली. दोन जागा, एक सेमिस्टर, इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेची शिष्यवृत्ती. मला तोवर परदेशी शिक्षण म्हणजे आपण अर्ज करायचा, आपण फी भरायची एवढंच माहीत होतं. एक्सचेंज वेगळं असतं. दोन विद्यापीठांत आधी करार झालेला असतो आणि कोणी किती विद्यार्थी पाठवायचे ते त्यात ठरलेलं असतं. आपण नाव नोंदवून राहतो आपल्याच विद्यापीठात, फीही इथेच भरतो. तिकडे शिकवणीची फी लागत नाही. आपलं विद्यापीठ निवड करून नाव तिकडे कळवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. नॉमिनेशन गेल्याशिवाय मला तिकडचा अर्जच भरता आला नाही. म्हणजे खरी स्पर्धा आपल्याच विभागात होते, आणि ती तिकडच्या मुदतीच्या कितीतरी आधी संपलेली असते. माझ्या ओळखीच्या दोघांची संधी एवढ्या एका गोष्टीमुळे हुकली.

उद्देशपत्रात मी पहिल्यांदा वेगळी संस्कृती, नवे अनुभव, व्यक्तिमत्त्व विकास असं बरंच काही लिहिलं होतं. आमच्या विभागातल्या मॅडमनी ते वाचलं आणि पेन्सिलीने दोन परिच्छेदांवर काट मारली. म्हणाल्या, “तिकडे असं काय शिकवतात जे तुला इथे मिळत नाही, ते लिही. बाकी सगळे हेच लिहिणार आहेत.” मग दोन रात्री बसून मी त्या विद्यापीठाची अभ्यासक्रमाची यादी विषयवार वाचून काढली. अर्थमितीचा तिथला पेपर ९ क्रेडिटचा होता आणि त्यात आकडेवारीवर स्वतः काम करायचं होतं. पत्र त्यावरच लिहिलं. निवड झाली.

त्यानंतर आलं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. नाव भारदस्त आहे, पण कागद साधा असतो. त्यात दोन तक्ते. ‘अ’ तक्त्यात तिकडे कोणते विषय घेणार ते लिहायचं, ‘ब’ तक्त्यात त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय माफ होणार ते. खाली तीन सह्या: विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची आणि घेणाऱ्या विद्यापीठाची. या कागदाचे तीन टप्पे असतात, जाण्यापूर्वीचा, तिथे असतानाचा आणि परत आल्यावरचा. मधल्या टप्प्याकडे माझं लक्षच नव्हतं.

युरोपातली क्रेडिट पद्धत, म्हणजे ईसीटीएस, आपल्यापेक्षा वेगळ्या हिशोबाने चालते. पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, सेमिस्टरचे ३०. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम, आणि त्यात वर्गातल्या तासांबरोबर घरचा अभ्यास, टिपणं, परीक्षेची तयारी हे सगळं धरतात. इटलीत हा आकडा २५ आहे. आमच्याकडे क्रेडिट मोजायचे ते वर्गातल्या तासांवर आणि सेमिस्टरचे होते २०. त्यामुळे ९ क्रेडिटचा पेपर बघून आमच्या कार्यालयाला वाटलं की हा आमच्या दोन पेपरांएवढा आहे. तसं नसतं. तिकडचं पूर्ण सेमिस्टर आणि इकडचं पूर्ण सेमिस्टर यांची तुलना करायची, ३० च्या जागी २०. मॅडमनी ते पटवून दिलं आणि तक्ता तयार झाला: अर्थमिती ९, श्रम अर्थशास्त्र ६, विकासाचं अर्थशास्त्र ६, सार्वजनिक अर्थशास्त्र ६ आणि इटालियन भाषा ३.

‘ब’ तक्त्यात एकास एक जुळणी केलीच पाहिजे असा इरॅस्मसचा नियम नाही. एका गटाच्या बदल्यात दुसरा गट मान्य करता येतो. पण आमच्या परीक्षा विभागाच्या संगणकात प्रत्येक पेपरला स्वतंत्र रकाना होता, म्हणून त्यांनी प्रत्येक विषयासमोर एक विषय लिहून मागितला. तेव्हा ते मलाही नीटनेटकं वाटलं. पुढे नेमकं तेच अडलं.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असल्याने राष्ट्रीय प्रकारचा विद्यार्थी व्हिसा लागतो, स्वीकृतीपत्र, विमा, राहण्याची सोय आणि शिष्यवृत्तीचं पत्र जोडावं लागतं. पोहोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत निवास परवान्याचा अर्ज द्यावा लागतो. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता मला तिथे पोहोचून हजर झाल्याचं प्रमाणपत्र मिळाल्यावरच आला, त्यामुळे पहिले काही आठवडे स्वतःच्या पैशांवर काढायची तयारी ठेवावी लागली. ते हजेरीचं प्रमाणपत्र फार जपायचं. किती दिवस राहिलो त्यावर शिष्यवृत्ती ठरते, आणि ते दिवस त्या कागदावरच्या दोन तारखांवरून मोजतात.

वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक बघताना माझ्या लक्षात आलं की सार्वजनिक अर्थशास्त्र त्यात नाही. चौकशी केली. मी यादी पाहिली होती ती मागच्या वर्षीची. या वर्षी तो विषय दुसऱ्या सेमिस्टरला गेला होता. असं हमखास होतं, कारण आपलं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट भरून घेतात एप्रिल-मेमध्ये आणि तिकडचं नवं वेळापत्रक त्यानंतर लागतं. त्याऐवजी मी तीन वेगवेगळ्या वर्गांना बसून पाहिलं आणि आर्थिक इतिहास निवडला, तोही ६ क्रेडिटचा.

बदल करायला परवानगी असते, पण तिला मुदत असते. सेमिस्टर सुरू झाल्यापासून दोन ते सात आठवडे, आणि त्यातली नेमकी तारीख पाठवणारं विद्यापीठ ठरवतं. आमची होती पाच आठवडे. मी चौथ्या आठवड्यात बदलाचा कागद भरला, तिकडच्या समन्वयकांनी त्याच दुपारी सही केली, तो मी स्कॅन करून इकडे पाठवला. इकडे नेमक्या त्याच वेळी मॅडम दीर्घ रजेवर गेल्या होत्या. त्यांच्या जागी कोण आहे हे मला कुणी कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन मेल पाठवले. दहा दिवसांनी कुणाचं तरी ‘बघतो’ एवढं उत्तर आलं. तिकडची सही आहे म्हणजे झालं, असं मी धरून चालले आणि अभ्यासाला लागले. तिसरी सही त्या कागदावर शेवटपर्यंत आली नाही.

पहिला महिना अवघड गेला. वर्ग इंग्रजीत होते, पण वर्गाबाहेर सगळं इटालियन. एक्सचेंजची मुलं एकमेकांतच राहतात, कारण सगळेच नवे आणि सगळ्यांनाच सोबत हवी असते. मी मुद्दाम दर आठवड्याला दोन दुपारी ग्रंथालयात स्थानिक मुलींच्या टेबलावर बसायला लागले. त्यांच्याकडूनच मला तिथल्या परीक्षेची पद्धत कळली. ती कळली नसती तर मी नापास झाले असते.

तिथे बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. आधी लेखी असली तरी नंतर बऱ्याचदा तोंडी असते. आणि ती सार्वजनिक असते: खोलीचं दार उघडं, मागच्या बाकांवर इतर विद्यार्थी बसून ऐकतात. त्या मुलींनी मला आधीच्या आठवड्यात दुसऱ्यांच्या परीक्षा ऐकायला नेलं. तीन तास बसून मी नुसते प्रश्न लिहून घेतले. व्याख्या विचारतात असं नाही. विचारतात ते ‘का’.

अर्थमितीचा माझा क्रमांक अकरावा होता. प्राध्यापकांनी समोर एक कोरा कागद सरकवला आणि म्हणाले, तुम्हाला आवडेल तो विषय सांगा, तिथून सुरू करू. मी साधन चल निवडला, म्हणजे कारण आणि परिणाम वेगळे काढायला मदतीला घेतलेला एक बाहेरचा घटक. अँग्रिस्ट आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा १९९१ चा निबंध मी तीनदा वाचला होता. जास्त शिकल्याने कमाई किती वाढते हे मोजायचं, तर अडचण अशी की जास्त शिकणारी माणसं इतर बाबतींतही वेगळी असतात. त्यांनी उपाय म्हणून जन्माची तिमाही वापरली. अमेरिकेत ठरावीक वयापर्यंत शाळा सक्तीची, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं मूल शाळेत उशिरा बसतं आणि कायद्याने सुटायचं वय आलं तेव्हा त्याचं शिक्षण थोडं कमी झालेलं असतं. जन्माची तारीख कुणी हुशारी बघून ठरवत नाही, म्हणून ते साधन चालतं. हे मी कागदावर समीकरणं मांडत सांगितलं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, “जन्माची तारीख कुणी ठरवत नाही, हे तुम्हाला कसं माहीत?”

मी गप्प झाले. पाठ केलेलं सगळं तिथे संपलं. मागच्या बाकांवर कुणीतरी पान उलटल्याचा आवाज आला तो अजून आठवतो. त्यांनी घाई केली नाही. मी थांबत थांबत म्हटलं, की वेगवेगळ्या परिस्थितीतल्या आयांची मुलं वेगवेगळ्या ऋतूंत जन्मत असतील तर हे साधन स्वच्छ राहणार नाही. “मग कसं तपासाल?” मी म्हटलं, आईचं वय, शिक्षण, लग्न झालंय की नाही, हे जन्माच्या महिन्यांप्रमाणे मांडून पाहीन. ते हसले आणि म्हणाले, ते काम कुणीतरी केलं आहे आणि फरक सापडला आहे, तुम्ही ते वाचा. २७ दिले.

इतकी वर्षं परीक्षा दिल्या, पण परीक्षा चालू असताना मी काही शिकले असं तोवर एकदाही झालं नव्हतं.

श्रम अर्थशास्त्रात मला २४ सांगितले आणि पुढे विचारलं, “स्वीकारता का?” मला प्रश्नच कळला नाही. तिथे विद्यार्थी गुण नाकारून पुढच्या फेरीत पुन्हा परीक्षेला बसू शकतो. पण मला वेळ नव्हता. तिथल्या हिवाळी परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि आमचं चौथं सेमिस्टर जानेवारीतच सुरू झालं होतं. मी २४ घेतले. विकासाचं अर्थशास्त्र २८, आर्थिक इतिहास २९. भाषेला गुण नसतात, फक्त ‘पात्र’ असा शेरा. फेब्रुवारीच्या शेवटी परतले तेव्हा इकडचे सात आठवडे बुडाले होते. त्याची परवानगी मी जाण्यापूर्वीच लेखी घेतली होती, आणि ती उपयोगी पडली.

तिकडचं गुणांचं अधिकृत पत्रक, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, निकालानंतर पाच आठवड्यांच्या आत पाठवायचं असतं आणि त्यांनी ते पाठवलंही. त्यानंतर ती गुणपत्रिका.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खिडकीवर गेले. तिथल्या काकांनी कागद काढून दाखवला. “अहो ताई, इथे २७ लिहिलंय, मी २७ भरले. मी काय मनाने भरू?” त्यांचं बरोबर होतं. ट्रान्स्क्रिप्ट दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं. गुणांची पट्टी, उत्तीर्ण होण्याची मर्यादा, क्रेडिट म्हणजे किती तास, हे सगळं मागच्या बाजूला होतं, आणि इकडे फाइलला लावताना फक्त पुढची बाजू स्कॅन झाली होती. काकांनी मूळ कागद उलटून वाचला आणि मला आत खुर्ची दिली.

पण २७ चे किती करायचे हा प्रश्न राहिलाच. मला सुरुवातीला वाटायचं की सरळ टक्के काढावेत, ३० पैकी २७ म्हणजे ९०. परीक्षा नियंत्रकांनी तो हिशोब मोडून काढला. तसं केलं तर तिकडे जेमतेम पास झालेल्याचे १८ म्हणजे इकडचे ६० होतात, आणि आमच्याकडे जेमतेम पास म्हणजे ४०. हे इथल्या मुलांवर अन्याय करणारं आहे, असं त्या म्हणाल्या, आणि विचार केल्यावर मलाही ते पटलं. मी तिकडच्या कार्यालयाला लिहून गुणांच्या वितरणाचा तक्ता मागवला, म्हणजे त्या अभ्यासक्रमात किती टक्के विद्यार्थ्यांना कोणते गुण मिळाले त्याची यादी. ईसीटीएसच्या मार्गदर्शिकेत असा तक्ता ठेवायला सांगितलेलं आहे, त्यामुळे तो चार दिवसांत आला. शेवटी ठरलं असं: १८ म्हणजे ४०, ३० म्हणजे १००, मधल्या प्रत्येक गुणाला ५. माझे २७ चे ८५ झाले, २४ चे ७०, २८ चे ९०. भाषेला पाचव्या विषयाच्या रकान्यात ‘उत्तीर्ण’ शेरा द्यायचं ठरलं.

आर्थिक इतिहासाचं मात्र तसं सुटेना. तो ‘ब’ तक्त्यात नव्हता, बदलाच्या कागदावर आमची सही नव्हती, आणि सार्वजनिक अर्थशास्त्र हा आमच्याकडे सक्तीचा पेपर.

याच काळात मी सोफिया कोर्राडी यांच्याबद्दल वाचलं. रोममध्ये कायदा शिकणारी ही मुलगी १९५७ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, तौलनिक कायद्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ मध्ये परतली, आणि तिच्या विद्यापीठाने ते शिक्षण मान्य करायला नकार दिला. पुढे त्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि विद्यार्थ्यांनी परदेशात घेतलेलं शिक्षण मायदेशी मोजलं जावं यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९८७ मध्ये ११ देशांत ३,२४४ विद्यार्थ्यांना घेऊन इरॅस्मस सुरू झालं. इटलीत त्यांना इरॅस्मसची आई म्हणतात. ज्या योजनेतून मी गेले ती योजना अशाच एका खिडकीवरून परत पाठवलेल्या मुलीमुळे उभी राहिली, हे वाचून मला बळ आलं. मी रात्री अर्ज लिहायला बसले.

अर्जाला आर्थिक इतिहासाचा पूर्ण अभ्यासक्रम जोडला, तासांसह, तिकडच्या विभागाचा शिक्का घेऊन. समन्वयकांच्या सहीचा बदलाचा कागद आणि तो मुदतीत पाठवल्याचा मेल जोडला. आणि एक मुद्दा मांडला. युरोप परिषद आणि युनेस्को यांनी १९९७ मध्ये लिस्बनमध्ये जो मान्यता करार केला, त्यात म्हटलं आहे की परदेशात घेतलेलं शिक्षण मान्य करायचं. नाकारायचं तर दोन्हींत ठळक फरक आहे हे नाकारणाऱ्याने दाखवायचं. तो करार आमच्या विद्यापीठाला बंधनकारक नव्हता, हे मी अर्जातच लिहिलं. पण विचार म्हणून तो अभ्यास मंडळापुढे ठेवावा अशी विनंती केली.

अभ्यास मंडळाची बैठक पाच आठवड्यांनी झाली. मला बाहेर बसवलं होतं. रजेवरून परतलेल्या मॅडम आत गेल्या होत्या. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “इतिहास ऐच्छिक म्हणून घेतला. सार्वजनिकचा पेपर तुला द्यावाच लागेल. त्यापुढे मला जाता आलं नाही.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “तो मेल मी पाहायला हवा होता. माझ्या जागी कोण आहे हे तुला कळवून जायला हवं होतं.” इतक्या महिन्यांत असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं.

मंडळाचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण कर आणि सरकारी खर्चाचा सिद्धान्त मी खरोखरच शिकले नव्हते. पुढच्या सत्रात ज्युनिअर मुलांबरोबर तो पेपर दिला. सुधारित गुणपत्रिका आली तिच्यात आर्थिक इतिहासापुढे ९५ आहेत.

यंदा आमच्या विभागातून एक मुलगी चालली आहे. परवा ती कोरं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट घेऊन आली. तिकडचं नवं वेळापत्रक अजून लागलेलं नाही. आम्ही ‘अ’ तक्त्यात पाच विषय लिहिले, मग आणखी एक पानभर कागद जोडून प्रत्येक विषयापुढे एक पर्यायी विषय लिहिला आणि ‘ब’ तक्त्यातला त्याचा जोडीदारही. मॅडमनी दोन्ही कागदांवर सही केली, खाली स्वतःच्या मोबाइलचा नंबर घातला, आणि त्यांच्या गैरहजेरीत कोण सही करेल त्या सरांचं नावही स्वतःच्या हाताने लिहिलं.